आगगाडीतील तीर्थयात्रा आणि रायपूरचे मराठी कुटुंब

१

१८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त यांचे कुटुंब रायपूरला आले. कुटुंबात चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ होता. पुढे तो स्वामी विवेकानंद या नावाने जगाला परिचित झाला. अलाहाबाद आणि जबलपूरवरून नागपूरपर्यंत आगगाडी होती, परंतु तेथून पुढचा पल्ला बैलगाडीने काटावा लागला आणि त्यासाठी पंधरवड्याहून अधिक काळ गेला. अरण्यातून जाताना कड्याच्या कपारीतील मधमाश्यांचे प्रचंड पोळे पाहून त्या मुलाची भावसमाधी लागली, अशी हकिगत विवेकानंदांच्या चरित्रांत येते. हा प्रवास तीर्थयात्रेचा नव्हता. तरीही रेल्वेपूर्व काळात रायपूरपर्यंत सहकुटुंब पोहोचणे म्हणजे काय होते, याचा तो एक प्रमाणभूत दाखला आहे.

यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी चित्र पालटले. नागपूरपासून राजनांदगावपर्यंतचा अरुंद लोहमार्ग १८८२ पर्यंत तयार झाला होता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो रुंद करून पूर्वेकडे वाढवला आणि १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल हा सलग मार्ग पूर्ण झाला. १८९७ मध्ये खुर्दा रोडहून जगन्नाथपुरीपर्यंत गाडी जाऊ लागली. १९०० साली नागपूरहून हावड्यास थेट जाता येऊ लागले. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडी आणि पंढरपूर जोडले. एका पिढीच्या आयुष्यात रायपूरच्या पूर्वेस जगन्नाथ आणि पश्चिमेस विठोबा, असे दोन्ही देव तिकिटाच्या टप्प्यात आले.

लोहमार्गांच्या या विस्ताराचा आर्थिक आणि राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. छत्तीसगडात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या धार्मिक आणि भाषिक जीवनात त्याने काय घडवले, हा प्रश्न मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे, की आगगाडीने तीर्थयात्रेचा कर्ता बदलला. कुटुंबातील एकाने सर्वांच्या वतीने करावयाची यात्रा ही संपूर्ण कुटुंबाची यात्रा झाली. आणि मुलुखाबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबासाठी ती देवदर्शनाबरोबरच भाषेकडे परतण्याची वाट ठरली.

२

रायपूर परिसरातील मराठी वस्तीचा संबंध नागपूरकर भोसल्यांच्या राज्यविस्ताराशी आहे. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीत रतनपूर भोसल्यांच्या ताब्यात आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. रतनपूरजवळच्या टेकडीवर त्यांनी राममंदिर उभारले आणि त्या स्थानाला रामटेकडी हे नाव रूढ झाले. नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण त्या नावात सहज जागी होते. नव्या मुलुखात गेलेला सत्ताधारी आपले तीर्थ सोबत नेतो, याचे हे उदाहरण होय. याच काळात, म्हणजे १७५१ पासून १८०३ पर्यंत, ओडिशावरही भोसल्यांचा अंमल होता आणि जगन्नाथाच्या मंदिराची व्यवस्था त्यांच्या अधिकारात होती. पुरीच्या सिंहद्वारासमोरील अरुणस्तंभ कोणार्कहून आणून तेथे उभारला गेला तो मराठ्यांच्याच अमदानीत. तेव्हा छत्तीसगडातील मराठी माणसासाठी पुरी हे दूरचे धाम असले, तरी परके नव्हते.

पंढरपूर आणि पुरी यांतील नाते त्याहूनही जुने आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी चैतन्य महाप्रभू पुरीहून दक्षिणेच्या यात्रेस निघाले असता पंढरपुरास आले होते आणि आपला ज्येष्ठ बंधू तेथेच दिवंगत झाल्याचे त्यांना तेथे कळले, असा वृत्तांत 'चैतन्यचरितामृता'त येतो. महाराष्ट्रातील दशावतारांच्या काही चित्रांत नवव्या स्थानी विठ्ठल येतो. ओडिशात तेच स्थान जगन्नाथाला दिलेले आढळते. विठ्ठलाच्या बुद्धरूपाची चर्चा रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात विस्ताराने केली आहे. दोन प्रांतांच्या कल्पनेने आपापल्या लोकदेवाला अवतारमालिकेतील एकच जागा द्यावी, ही गोष्ट तौलनिक अभ्यासाला आजही आव्हान देणारी आहे.

रेल्वेपूर्व यात्रेचे स्वरूप मराठीत सर्वांत स्पष्टपणे दिसते ते विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये. वरसईचे गोडसे १८५७ मध्ये उत्तरेस निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने. वाटेत बंडाच्या धुमाळीत सापडले. आपल्या आठवणी त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिल्या आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये त्या प्रकाशित केल्या. या पुस्तकाचे ऐतिहासिक महत्त्व सर्वमान्य आहे. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते त्यातील एका कौटुंबिक तपशिलाकडे. लुटला गेलेला, जिवावरच्या प्रसंगांतून निभावलेला हा भिक्षुक परतताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन येतो आणि त्या उदकाने आईवडिलांना स्नान घालतो. घरची माणसे गंगेला गेली नाहीत. गंगा घरी आली.

जुन्या यात्रेची रचना अशी होती. एक जण जाई, उरलेल्यांना तिचे फळ गंगाजलाच्या, प्रसादाच्या आणि कथनाच्या रूपाने मिळे. परतल्यावर मावंदे घातले जाई, म्हणजे ब्राह्मण, आप्त आणि शेजारी यांना जेवू घालून यात्रेची सांगता होई. जे गेले नाहीत त्यांना यात्रेत सामील करून घेण्याचा तो विधी होता. सहकुटुंब निघणारेही होते, परंतु त्यासाठी बराच खर्च, संरक्षण आणि सवड लागे. काशीस निघालेला माणूस घरच्यांचा कायमचा निरोप घेऊन निघे. तान्हे मूल, गर्भार सून, शाळेत जाणारा मुलगा यांना त्या वाटेवर सहसा जागा नव्हती.

३

आगगाडीने ही रचना मोडली. जी यात्रा महिन्यांची होती ती दिवसांची झाली आणि म्हणून ती कचेरीच्या रजेत व शाळेच्या सुट्टीत बसू लागली. पर्वकाळाऐवजी दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी हा अनेक घरांचा यात्राकाल झाला. वृद्ध, विधवा आणि व्रतस्थ यांच्यासाठी राखून ठेवलेले कर्म लेकुरवाळ्या गृहिणीच्या हाती आले. लग्नानंतर नवदांपत्याने कुलदैवताला जावे, मुलाचे जावळ देवीपुढे काढावे, नवस फेडावा, ओटी भरावी, ही कुटुंबाची कर्तव्ये रायपूरसारख्या दूरच्या शहरातूनही वेळच्या वेळी पार पाडणे शक्य झाले. यात्रेचे केंद्र मोक्षाकडून वंशाकडे थोडेसे सरकले, असे याचे वर्णन करता येईल.

या बदलाकडे सर्वांनी कौतुकाने पाहिले नाही. महात्मा गांधींनी 'हिंद स्वराज्य'मध्ये १९०९ साली रेल्वेवर जे आक्षेप घेतले, त्यांत तीर्थक्षेत्रांचाही मुद्दा आहे. पूर्वी कष्ट सोसून खरे भक्तच क्षेत्री जात. रेल्वेमुळे ठकांनाही तेथे सहज पोहोचता येऊ लागले आणि पवित्र स्थाने अपवित्र झाली, असा त्यांचा आशय होता. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वाट हेच तप, ही यात्रेची जुनी कल्पना आहे आणि आषाढीची पायी वारी तिच्यावरच उभी आहे. तथापि गांधींच्या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. कष्ट सोसून जाणारा तो भक्त, असे म्हटले की ज्यांना कष्ट सोसण्याचेही स्वातंत्र्य नव्हते त्यांच्या भक्तीचा हिशेबच राहत नाही. चूल, पाळणा आणि सोवळे यांनी बांधलेली स्त्री पायी वाटेवर क्वचितच निघू शकली असती. तिच्यासाठी तिसऱ्या वर्गाचा बाक हीच पहिली मोकळीक होती.

ही मोकळीक नियमांवाचून मिळाली नाही. सोवळे सांभाळणाऱ्या घरांनी डब्यातल्या गर्दीसाठी जुनेच उपाय वापरले. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, लाडू, भाजलेले पोहे, घरचे पाणी भरलेला फिरकीचा तांब्या ही शिदोरी प्रवासात विटाळ मानत नसत. म्हणजे शेजारच्या बाकावर कोण बसावे हे ठरवणे हाती राहिले नाही, तरी काय खावे हे हाती होते. पुरीला पोहोचल्यावर मात्र हीच माणसे जगन्नाथाचा महाप्रसाद जातिभेदाचा विचार न करता घेत, कारण त्या अन्नाला स्पर्शदोष नाही अशी क्षेत्राची मर्यादा आहे. जाताना दशमी, क्षेत्रात महाप्रसाद आणि परतताना पुन्हा दशमी! एकाच यात्रेत जातिव्यवस्था सैल होते आणि पुन्हा घट्ट होते, हे या क्रमातून दिसते.

४

या ठिकाणी छत्तीसगडचा स्वतःचा एक आवाज ऐकला पाहिजे. रायपूरच्या जुन्या जिल्ह्यातील गिरौदपुरीचे गुरू घासीदास हे सतनामी पंथाचे प्रवर्तक. ते जगन्नाथपुरीच्या यात्रेस निघाले होते. परंतु सारंगगडपर्यंत जाऊन 'सतनाम'चा उच्चार करीत माघारी फिरले, अशी परंपरा आहे. ज्या देवाच्या दारात आपल्याला माणूस म्हणून उभे राहता येत नाही त्याच्याकडे जाणारी वाटच नाकारणे, हा या कथेचा अर्थ पंथाच्या अनुयायांनी जपला आहे. मराठी कुटुंबाची पूर्वेकडील यात्रा ज्या मुलुखातून जाते, त्याच मुलुखात अर्ध्यावर सोडलेल्या यात्रेची ही स्मृती जिवंत आहे. तुलनेच्या दृष्टीने ती चोखामेळ्याच्या कथेशेजारी ठेवता येते. चोखोबा महाद्वाराबाहेर उभे राहिले. घासीदास परत फिरले. एकात विरहाची कविता आहे, दुसऱ्यात नव्या पंथाचा आरंभ.

रेल्वेच्या डब्याने जातींना शेजारी बसवले, परंतु देवळाचे दार त्याने उघडले नाही. त्यासाठी माणसांना झगडावे लागले. राजिमचे पं. सुंदरलाल शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात अस्पृश्य मानलेल्यांच्या मंदिरप्रवेशासाठी प्रयत्न केले. गांधींच्या १९३३ च्या हरिजन दौऱ्यात रायपूरचा परिसर आरंभीच होता. ज्या रेल्वेला त्यांनी दोष दिला, तिच्याच डब्यातून त्यांनी हा दौरा मोठ्या प्रमाणात केला. पंढरपुरात विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख पायी वारीचा आहे. त्यातही एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकरी वेगवेगळ्या पंक्तींना जेवतात हे त्यांनी दुःखाने नोंदवले आहे. तेव्हा पायी वाट पवित्र आणि रूळ अपवित्र, अशी विभागणी इतिहासाला मान्य होणार नाही. भेद दोन्ही वाटांनी चालत आला.

डब्यातील सहवास श्रद्धेला कोठवर नेऊ शकतो याचे एक उदाहरण याच लोहमार्गावर घडले. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. कवितेवर आणि धर्मावर बोलणे झाले. त्याने 'नवा करार' त्यांच्या हाती दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंवर ओढवलेला वियोग 'स्मृतिचित्रे'मध्ये आला आहे. तीर्थाला न निघालेल्या माणसाच्या जीवनात आगगाडीनेच धर्मांतराची वाट उघडली आणि मराठी आत्मचरित्राला त्यातून एक अक्षरकृती लाभली. पायी वाटेवर माणूस आपल्या दिंडीबरोबर असतो. डब्यात तो परक्याबरोबर असतो. आधुनिक यात्रेतील शक्यता आणि धास्ती दोन्ही या फरकातून निर्माण होतात.

५

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळता येईल. रायपूरच्या मराठी घराचे जीवन प्रारंभापासून द्वैभाषिक होते. माधवराव सप्रे यांचे उदाहरण येथे बोलके आहे. मराठी घरात जन्मलेल्या सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. आणि १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. सार्वजनिक व्यवहाराची भाषा हिंदी, पाठांतराची आणि पूजेची भाषा मराठी, ही त्यांच्यासारख्या अनेक घरांची घडण होती. घराबाहेर मराठीला आसरा मिळावा म्हणून संस्था उभ्या राहिल्या. १९३५ पासून रायपुरात महाराष्ट्र मंडळ कार्यरत आहे. परंतु मंडळ म्हणजे तरी भिंतींच्या आतले मराठी जग. बाजार, शाळा, कचेरी आणि गल्ली हिंदीची किंवा छत्तीसगढीची.

अशा घरातील मुलाला पश्चिमेकडील यात्रेत काय मिळत असेल? गोंदिया मागे पडते, नागपूर येते आणि घरात आजी बोलते ती भाषा फलाटावरचा हमाल बोलू लागतो. शेगावच्या टांगेवाल्याशी आई मराठीत घासाघीस करते. आरतीत पाठ असलेले शब्द पाटीवर, दुकानावर, तिकिटाच्या रांगेत भेटतात. शेगाव मुंबई-हावडा मार्गावरच आहे. १९१० मध्ये समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांचे स्थान विदर्भाप्रमाणेच छत्तीसगडातील मराठी कुटुंबांना सोयीचे झाले, त्यामागे या भूगोलाचाही वाटा आहे. पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर येथे जायचे तर गाड्या बदलाव्या लागतात. तुळजापूरसाठी सोलापूरला उतरून पुढे सडकेने जावे लागे. तरी ती तसदी घेतली जाते, कारण कुलदैवताला पर्याय नसतो. इष्टदैवत निवडता येते. कुलदैवत पत्त्यासारखे असते आणि पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या प्रांतात राहिलेल्या घराला आपला मूळ पत्ता टिकवण्याची दुसरी साधने थोडीच असतात.

हा पत्ता लिखित स्वरूपातही सापडतो. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या असतात. मूळ गाव, सध्याचे वास्तव्य, आजोबा, वडील, भाऊ, मुले, यात्रेचे निमित्त आणि तिथी एवढाच मजकूर, पुष्कळदा यजमानाच्या स्वतःच्या अक्षरात. जुन्या नोंदी मोडी लिपीत, नंतरच्या बाळबोधीत. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या वह्यांकडे केवळ वंशावळीचे साधन म्हणून पाहू नये. गोडसे भटजींच्या विस्तृत गद्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला हा लेखनप्रकार आहे. प्रवास दीर्घ आणि संकटांचा होता तेव्हा कथन आवश्यक होते. तो सुकर झाल्यावर सांगण्यासारखे थोडे उरले आणि नोंद पुरेशी झाली. कुटुंबाच्या रेल्वेयात्रेने मराठीला नवा 'माझा प्रवास' दिला नाही, याचे कारण येथे आहे. तिचे वाङ्मय वहीतल्या चार ओळींत, नातलगांना धाडलेल्या कार्डात आणि घरी पुनःपुन्हा सांगितल्या जाणाऱ्या किश्शांत विखुरलेले राहिले.

६

याच्याशी युरोपातील समांतर घटना ताडून पाहता येते. फ्रान्समधील लूर्द येथे १८६६ मध्ये रेल्वे पोहोचली आणि पुढील दशकात राष्ट्रीय यात्रांच्या खास गाड्या तेथे जाऊ लागल्या. एमिल झोला यांची १८९४ मधील 'लूर्द' ही कादंबरी आजाऱ्यांनी भरलेल्या अशाच गाडीच्या डब्यात सुरू होते. तेथे रेल्वेयात्रेने कादंबरीला विषय दिला, कारण ती यात्रा राष्ट्राची आणि रुग्णांची होती, चमत्कार आणि विज्ञान यांच्या वादाचे ते रणांगण होते. रायपूरच्या मराठी कुटुंबाची यात्रा वादाचा विषय झाली नाही. ती सणासारखी, बारशासारखी घरगुती राहिली. म्हणून वाङ्मयाच्या इतिहासाच्या नजरेतून निसटली. तिचे मोल मात्र त्यामुळे कमी ठरत नाही.

रायपूरजवळच या इतिहासाचा एक छोटा नमुना आहे. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावरील राजिम येथे राजीवलोचनाचे प्राचीन मंदिर आहे आणि राजिमच्या दर्शनावाचून जगन्नाथाची यात्रा पुरी होत नाही, अशी लोकश्रद्धा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या छोट्या नॅरोगेज गाडीने रायपूर राजिमशी जोडले गेले. पुरीहून परतलेली कुटुंबे या स्थानिक गाडीने यात्रेची सांगता करू शकत. पुढे ही गाडी मार्गाच्या रुंदीकरणासाठी बंद झाली. २०२५ मध्ये अभनपूर ते रायपूर रुंद मार्गावर प्रवासी गाडी धावू लागली. पूर्वेकडील महायात्रा आणि घराजवळचे क्षेत्र यांना एका सूत्रात ओवण्याचे काम रुळांनी येथेही केले.

अलीकडच्या काळात यात्रेचा कर्ता पुन्हा बदलताना दिसतो. छत्तीसगड शासनाने ज्येष्ठ नागरिकांसाठी तीर्थयात्रेच्या खास गाड्या सोडल्या. २०२४ मध्ये रायपूरहून अयोध्येकडे रामललाच्या दर्शनासाठी विशेष गाड्या सुरू झाल्या. या गाड्यांत यात्रेकरू लाभार्थी म्हणून बसतो, त्याचे घर मागे राहते. एका अर्थाने हे जुन्या यात्रासंघाचे पुनरागमन आहे, फक्त सावकाराच्या किंवा संस्थानिकाच्या जागी शासन आले आहे. अशा गाडीला राज्य असते, गंतव्य असते, परंतु कुलदैवत नसते. ते काम अजून कुटुंबालाच करावे लागते आणि त्यासाठी रोजच्या गाडीतील आरक्षणच उपयोगी पडते.

गोडसे भटजींनी खांद्यावरून गंगा घरी आणली तेव्हा घर जागेवर होते. भाषा आणि कुलदैवत दोन्ही उंबऱ्याशी होती. रायपूरच्या मराठी घराची स्थिती उलटी आहे. त्याचा देव आणि त्याची भाषा रुळाच्या दुसऱ्या टोकाशी आहेत. म्हणून तेथे कावड पुरत नाही. सर्वांनाच जावे लागते. आजीचा हात धरून शेगावच्या फलाटावर उतरलेले मूल देवळाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वीच यात्रेचे अर्धे फळ घेऊन चुकलेले असते, कारण घराबाहेरचे मराठी त्याच्या कानी पडलेले असते.